रुग्णालयाच्या प्रशासकाचा सत्कार कशासाठी?

महोदय,

ज्या रुग्णालयात मी २६ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, तेथील प्रशासक या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांच्या जाहीर सत्काराची बोलणी सुरू असताना एका कार्यकर्त्याने अगदी मनापासून विचारले, की साहेबांनी कधी कोणाचे ऑपरेशन केलेले नाही, मग भाषणात त्यांच्याबद्दल सांगायचे काय? हा प्रश्न आणखी कितीतरी जणांना पडत असणार, म्हणून हे पत्र.

प्रशासकाचे काम चांगले झाले तर काहीच घडत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचे दोन संच जोडलेले असतात, एक चालू आणि एक राखीव. चालू संच संपून राखीव सुरू झाला की रिकामे सिलिंडर त्याच वेळी बदलून घ्यावे लागतात, नाहीतर पुढच्या खेपेला हाताशी काही उरत नाही. साहेब सकाळी आल्यावर आधी ही नोंदवही पाहत, मग आपल्या खोलीत जात. जनरेटर नुसता सुरू करून न बघता दर आठवड्याला त्यावर प्रत्यक्ष भार टाकून बघायचा, हा नियमही त्यांचाच.

माझ्या हातून होता होता राहिलेली एक चूक मला येथे सांगितलीच पाहिजे. एका रात्री, सलग दुसरी पाळी करत असताना, डिस्टिल्ड वॉटरची म्हणून मी जी कुपी उचलली ती पोटॅशियम क्लोराइडची होती. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. फोडण्यापूर्वी लेबल पुन्हा वाचले म्हणून अनर्थ टळला. सकाळी मी स्वतःच जाऊन सांगितले, आणि आता मेमो मिळणार असे धरून उभी राहिले. साहेबांनी मला बसायला सांगून एवढेच विचारले, की या दोन कुप्या एकाच ट्रेमध्ये शेजारीशेजारी का होत्या? त्याच दिवशी पोटॅशियमच्या कुप्या सगळ्या वॉर्डांतून काढून औषध भांडारात कुलपाखाली गेल्या, आणि सलग दोन पाळ्यांची पद्धतही त्यानंतर बंद झाली. त्या दिवसापासून आमच्याकडे चुका लपवण्याऐवजी सांगितल्या जाऊ लागल्या. त्यामुळे किती रुग्ण वाचले याचा आकडा कोणाकडेच नसेल, पण सत्काराला हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव निघाले की हातातला दिवा आठवतो. आम्हा परिचारिकांना तो प्रिय आहेच. परंतु त्यांच्या कामाचा मोठा भाग प्रशासनाचा होता, हे फारसे सांगितले जात नाही. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात १८५५च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते आणि जूनपर्यंत ते सुमारे २ टक्क्यांवर आले. त्यात मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने उपसलेल्या गटारांचा आणि खेळत्या हवेचा मोठा वाटा होता. नाइटिंगेलबाईंनी पुढे आयुष्यभर आकड्यांच्या आधारे हेच मांडले, की रुग्ण केवळ जखमेने नव्हे, रुग्णालयाच्या अव्यवस्थेनेही मरतो.

साहेबांची सेवा रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबली नाही. क्षयरोगाचे औषध साधारणपणे किमान ६ महिने घ्यावे लागते, पण दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले की माणसाला बरे झाल्यासारखे वाटते आणि तो येईनासा होतो. गोळ्या न्यायला न आलेल्यांची यादी दर शनिवारी साहेबांच्या टेबलावर जाई आणि सोमवारी आरोग्यसेवक त्या घरी पोहोचलेला असे. कित्येकदा अडचण गोळ्यांची नसून बुडणाऱ्या रोजंदारीची असे, म्हणून औषध वाटपाची एक वेळ त्यांनी संध्याकाळची ठेवली.

रक्तदानाविषयीही त्यांचा असाच आग्रह होता. रक्तातील तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर काही आठवडे टिकतात, पण प्लेटलेट्स २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवूनही, साधारण ५ दिवसच. एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमल्या आणि पुढचे दोन महिने कोणी फिरकले नाही, तर मधल्या काळात अडलेल्या रुग्णाने काय करायचे? त्यामुळे साहेबांनी दात्यांची यादी करून त्यांना वर्षभरात विभागून बोलावण्याची पद्धत घालून दिली, आणि स्वतःचे नावही त्या यादीत ठेवले.

म्हणूनच सत्कार समितीला आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी एक विनंती आहे. निवृत्तीच्या दिवशी महारक्तदान शिबिर घेण्याचे घाटत आहे, त्यामागची भावना मी जाणते. मात्र त्या दिवशी इच्छुक दात्यांची फक्त नावे, रक्तगट आणि सोयीचा महिना लिहून घ्यावा, आणि ती वही शालीसोबत साहेबांच्या हाती द्यावी. पहिल्या पानावर माझ्या मुलाचे नाव लिहावे. त्याला कोणताही महिना चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका