गुरुवारच्या उपासनेबद्दल सूचना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या गुरुवारपासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या उपासनेत आरतीनंतर लगेच प्रसादाकडे वळायचं नाही. १० मिनिटं जागेवरच डोळे मिटून बसायचं. जपही मोजायचा नाही, माळ गोमुखीतच, म्हणजे जपाच्या पिशवीतच, राहू द्या. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच पाहायचं. मध्येच कुकरची शिट्टी, मुलाची परीक्षा, सुनेचं बोलणं आठवणारच. ते हाकलत बसलं की आणखी चिकटतं. ‘महाराज, हे तुमच्या पायाशी’ असं मनात म्हणावं आणि पुन्हा श्वासाकडे यावं. पुन्हा आठवलं तर पुन्हा तेच. शरणागती एकदाच करून मोकळं होता येत नाही, असं आमचं मत.

मोबाइल बंद ठेवावेत. सायलेंटवरचा फोनही सतरंजीवर चांगला गुरगुरतो. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या मिळतील.

आषाढ शुद्ध प्रतिपदेला दत्तसंप्रदायातले संन्यासी श्री टेंबे स्वामी (वासुदेवानंद सरस्वती) यांची पुण्यतिथी. १९१४ साली ते गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. त्या दिवशी आपण तिथे जाणार आहोत. दर्शनानंतर नर्मदाकाठी असंच बसायचं आहे, फोटो त्यानंतर. नावं रविवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.

गुरुवारी प्रसादाला खिचडी-कढी आहे. वाटी घरून आणावी.