अंटार्क्टिकात बर्फ वाढला, पण त्यावरून लगेच निकाल लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

"अंटार्क्टिकाचा बर्फ वाढला, ग्लोबल वॉर्मिंग खोटं" असले मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतायत आणि बातम्यांची हेडिंगंही कधीकधी त्याच थाटाची असतात, म्हणून हे पत्र. आकडा खोटा नाहीये. उपग्रहांच्या मोजणीनुसार २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या बर्फाचं वजन वर्षाला साधारण १०८ अब्ज टनांनी वाढलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की आधीच्या दशकात, म्हणजे २०११ ते २०२० मध्ये, दरवर्षी जवळपास १४२ अब्ज टन कमी होत होतं. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मुळात अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. आतल्या पठारावर वर्षभरात पडलेला बर्फ वितळवून मोजला तर बऱ्याच ठिकाणी ५० मिलिमीटर पाणीसुद्धा होत नाही. जिथे मुळात पडतंच इतकं कमी तिथे दोन-चार मोठी वादळं आली की अख्ख्या वर्षाचा हिशोब बदलतो, आपल्या माणदेशात दोन दिवस धो धो कोसळला की सरासरी भरून निघते आणि कागदावर दुष्काळ दिसतच नाही, तसंच. समुद्रावरून ओलसर हवेचा लांबच लांब पट्टा येतो, त्याला ॲटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात. २००९ आणि २०११ या दोन वर्षांत बेल्जियमच्या प्रिन्सेस एलिझाबेथ स्टेशनवर जो बर्फ साठला त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास बर्फ वर्षाला अशा चार-पाच पट्ट्यांनीच आणला होता! हे स्टेशन क्वीन मॉड लँडमध्ये आहे, आपलं भारताचं मैत्री स्टेशनही त्याच भागात.

मार्च २०२२ चं उदाहरण तर बघाच. फ्रान्स-इटलीचं कॉन्कॉर्डिया स्टेशन तीन हजार मीटरच्या वर आहे, मार्चमध्ये तिथे उणे ५० च्या आसपास असतं, आणि १८ मार्चला पारा उणे ११.५ वर गेला. त्याच ओल्या हवेने आतल्या भागात भरपूर बर्फ टाकला आणि किनाऱ्याला पाऊस पाडला, कॉन्गर नावाचा बर्फाचा तरंगता थरही त्याच दिवसांत फुटला. म्हणजे ज्या उष्णतेची आपल्याला काळजी वाटते तीच बर्फ वाढवतेही, कारण हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पश्चिमेकडे थ्वेट्ससारख्या हिमनद्या खालून गरम समुद्राने झिजतायत, ते काही वरून बर्फ पडला म्हणून थांबत नाही.

मोजणीही सोपी नाही हो. वारा इतका की पडणारा बर्फ कुठला आणि जमिनीवरून उडालेला कुठला हे मापकाला कळत नाही, म्हणून बर्फात काठ्या रोवून त्यांची वर राहिलेली उंची पुन्हा पुन्हा मोजावी लागते, आणि एक वर्ष मोजणी चुकली की ते वर्ष गेलंच. म्हणून अशा स्टेशनांचा पैसा कधीच आटता कामा नये असं मला फार मनापासून वाटतं.

विनंती एवढीच, ध्रुवांवरच्या बर्फाची बातमी छापताना एका वर्षाच्या आकड्याशेजारी मागच्या वीस वर्षांचा आलेख द्या. वास्कोला एनसीपीओआर ही ध्रुवांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली आपली दोन्ही स्टेशनं तीच चालवते, मराठी पेपरच्या वार्ताहराला तिथे फोन करणं काही अवघड नाही.

आपला एक वाचक,
म्हापसा, गोवा