आई-बाबा, व्हॉल्व्ह एकही गेलेला नाही

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमच्या काळजीचं सांगते. रेडिओ वाजतोय, आणि व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, सगळे मूळचे तेच आहेत. तुम्ही सारखं म्हणत होतात की ईएल 84, म्हणजे स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह, बदलून टाक, तो फार तापतो. पण तो तापत होता दुसऱ्याच्याच चुकीने, आणि फोनवर हे सगळं सांगताना अर्धं राहून जातं म्हणून लिहायलाच बसले.

इतकी वर्षं बंद असलेला सेट एकदम प्लगला लावायचा नसतो, म्हणून सिरीजमध्ये 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून चालू केला (एलईडी चालत नाही त्याला). आत कुठे शॉर्ट असेल तर तो बल्बच लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. बल्ब मंदच राहिला, तेव्हाच अर्धा जीव भांड्यात पडला. मग सरळ मेन्सवर घेतला तर मोठी घरघर, व्हॉल्यूम पूर्ण कमी केला तरी तेवढीच, म्हणजे दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे नाहीतर पॉवर सप्लायमध्ये. पॉवर सप्लायमधले घरघर गाळणारे फिल्टरचे कंडेन्सर वाळून गेले होते. ते बदलले पण 47 मायक्रोफॅरडचेच टाकले, कारण ईझेड 80 ला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला, 50 च्या वर झेपत नाही, मोठा टाकला तर चालू करताना इतका करंट ओढतो की रेक्टिफायर व्हॉल्व्हच खराब व्हायचा. लोक "मोठा टाका, घरघर जाईल" म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

आता तुमचा ईएल 84. सुरुवातीला आवाज छान, थोड्या वेळाने फाटायला लागायचा, आणि व्हॉल्व्ह नुसता भाजायचा. मल्टिमीटर त्याच्या ग्रिडला (जिथे सिग्नल आत येतो) लावला, तिथे चासीच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, मानाने जवळजवळ शून्य हवं, तर चार व्होल्ट प्लस! आता हे दोन कारणांनी होतं, एकतर व्हॉल्व्हमध्ये गॅस झालाय किंवा आधीच्या स्टेजकडून येणारा कपलिंग कंडेन्सर (त्याने सिग्नल पुढे द्यायचा आणि डीसी अडवायचं) लीक करतोय. म्हणून सेट बंद करून कंडेन्सरचं एक टोक सोडवलं, परत चालू केला आणि गरम होऊ दिला. व्होल्टेज गेलं. व्हॉल्व्ह खराब असता तर ते तसंच राहिलं असतं ना! तो मेणातला कागदी कंडेन्सर आधीच्या ईएबीसी 80 व्हॉल्व्हच्या प्लेटचं डीसी थोडं थोडं पुढे सोडत होता, त्याने ग्रिड प्लस व्हायचं आणि ईएल 84 मधून नको इतका करंट जायचा. तिथे 630 व्होल्टचा पॉलिएस्टर टाकला, ईएल 84 च्या कॅथोडवर आता सात व्होल्टच्या आसपास येतात, अगदी हवे तेवढे. बाकीचे कागदी पण सगळे बदलून टाकले, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोल स्प्रेने साफ केले, खरखर गेली. आयएफच्या डब्यांना (स्टेशनचा सिग्नल निवडणाऱ्या कॉइल असतात त्यांत) मात्र मी हात लावलेला नाही, त्यातले कोर ठिसूळ असतात आणि सिग्नल जनरेटरशिवाय ते फिरवले की लागलेलं ट्यूनिंगपण जातं. मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा डोळा, तेवढा फिका आहे, हिरवा दिसतो पण अंधारातच. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही म्हणून राहू दिलाय.

आई, तुला एक काम. बाबांना मागचा पुठ्ठा उघडू देऊ नकोस. प्लग काढल्यावरही त्या कंडेन्सरमध्ये अडीचशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, मी दर वेळी रेझिस्टन्स लावून ते उतरवते, मीटरवर बघते आणि मगच हात घालते. बाबा, रागावू नका, तुमचा हात हल्ली थरथरतो म्हणून लिहिलं.

आणि मीडियम वेव्हवर खरखर आलीच तर लगेच सेटला दोष देऊ नका. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, हे सगळे आवाज करतात, तेव्हा आधी एकेक बंद करून बघा आणि कशाने थांबतं ते मला फोनवर सांगा.

तुमची,
लेक