बिशपांची यादी खोडलीत, त्याबद्दल

प्रिय सर,

आपल्या वसई धर्मप्रांताला, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालच्या कॅथलिक चर्चांच्या विभागाला, 2023 साली 25 वर्षं झाली, तेव्हा चर्चच्या अंकासाठी लिहिलेला लेख घेऊन मी तुमच्या ओटीवर आले होते. सगळं दोन पानांत बसवलं होतं. 22 मे 1998 ला मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत, पहिले बिशप थॉमस डाबरे, 2009 पासून आर्चबिशप फेलिक्स मच्याडो. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "ही तर वंशावळ झाली गं!" मला रागच आला होता, खरं सांगते.

मग तुम्ही विचारलंत, डाबरेंनी डॉक्टरेट कशावर केली? मला ठाऊक नव्हतं. भुईगावचा मुलगा धर्मगुरू होतो आणि पुणे विद्यापीठात तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहितो, हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. तिथून तुम्ही मागे मागे नेत गेलात. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावातली प्रार्थना थांबली नाही. तुमच्या आई लॅटिन मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीतली, उत्तरं घडाघडा म्हणायच्या, अर्थाचा पत्ता नसताना. लोकांच्या भाषेत मिस्सा करायला मुभा देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवरून मराठी ऐकू आली, तेव्हा त्या रडल्या होत्या. हे सांगताना तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत बसलात.

'सुवार्ता' मासिकाचे गठ्ठे तर तुम्ही माळ्यावरून स्वतः काढलेत, गुडघे दुखत असताना. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक होते, एवढंच मी ऐकून होते. वसईच्या हिरवाईसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी ते रस्त्यावर उतरले, ते मला त्या पिवळ्या पानांतून समजलं. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले, त्या दिवशी तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत म्हणे. काकूंनी चहा देताना सांगितलं, तुम्ही नाही.

लेख पाच वेळा लिहून घेतलात. बिशपांच्या तारखा शेवटी एका ओळीत मावल्या. 2024 मध्ये थॉमस डिसोजा बिशप झाले, तेव्हा मी यादीत नाव वाढवायच्या आधी त्यांच्याविषयी वाचायला बसले.

अंकात लेखाखाली माझं एकटीचंच नाव आलं. तुम्हीच तसं बजावलं होतंत, पण मला ते अजून टोचतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा एक गठ्ठा माझ्याकडे राहिलाय. रविवारी मिस्सेनंतर आणून देते.

तुमची विद्यार्थिनी