विषय : गिअर नसलेली स्कूटर खालच्या गिअरमध्ये चालवण्याच्या आपल्या सल्ल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी आपल्या मदत क्रमांकावर झालेले २२ मिनिटांचे संभाषण हे माझे या विषयावरचे सहावे आणि शेवटचे संभाषण आहे. यापुढे जे असेल ते लेखी असेल.

माझी स्कूटर कात्रजच्या जुन्या घाटात चढाला लागली की इंजिनचा आवाज वाढत जातो, वेग मात्र ताशी २५ किलोमीटरच्या वर सरकत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो. आपल्या सर्व्हिस सेंटरने इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा रबरी बेल्ट दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा पैसे माझ्याकडून घेतले, कारण बेल्ट हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही. आपल्याच पुस्तिकेत तो २४,००० किलोमीटरला बदलावा असे छापले आहे. माझे दोन बेल्ट ७,४०० किलोमीटरमध्ये संपले, ते कशाने, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरा बेल्ट काढला तेव्हा मी तिथेच उभी होते. त्याच्या दोन्ही कडा गुळगुळीत होऊन चकाकत होत्या आणि पुढच्या पुलीमागे, इंजिनचे तेल आत अडवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या सीलभोवती, तेलाचा ओला डाग होता. पुलीच्या दोन तिरक्या तबकड्यांमध्ये बेल्ट केवळ घर्षणाने धरलेला असतो, तेव्हा तिथे तेल पोचले तर कोरा करकरीत बेल्टही घसरणार आणि तापणार, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. मेकॅनिकने डाग फडक्याने पुसला, व्हेरिएटरमधले, म्हणजे पुढच्या पुलीतले, रोलर एका बाजूने सपाट झाले आहेत का हे न पाहताच झाकण लावले आणि जॉब कार्डवर ‘ट्रायल ओके’ लिहिले. ही ट्रायल समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत झाली.

आता आजचे संभाषण. आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, चढ आला की गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची असते.” मी विचारले, कशाने घेऊ? ते म्हणाले, “गिअरने.” स्कूटरला तो नाही असे मी सांगितल्यावर मला चार मिनिटे सनई ऐकवण्यात आली आणि मग, “सिनियरना विचारलं मॅडम, तो गिअर आपोआप पडतो, तुमचा पडत नसेल तर तुम्ही ॲक्सिलरेटर चुकीचा पिळताय.” चढावर भार वाढला की मागच्या पुलीतली स्प्रिंग आणि भार वाढला की दाब वाढवणारा टॉर्क कॅम तिच्या तबकड्या जवळ आणतात, बेल्ट मागे वर चढतो आणि पुढे खोल उतरतो, खालचा गिअर म्हणायचा तर तो हाच, आणि त्यासाठी पिळण्याची वेगळी विद्या लागत नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी बेल्टवर चालणारी मोटार लोकांपुढे आणली ती चालकाला गिअरच्या कटकटीतून सोडवण्यासाठी. ती कटकट आपण फोनवरून परत आणलीत, याबद्दल अभिनंदन.

पंधरा दिवसांच्या आत सील, दोन्ही पुली, रोलर आणि क्लच तपासून लेखी अहवाल द्यावा, सील गळके निघाल्यास ते वॉरंटीत बदलावे आणि दोन्ही बेल्टचे पैसे परत करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथे जॉब कार्डबरोबर जुने दोन्ही बेल्टही सादर करीन, ते मी जपून ठेवले आहेत.

आमच्या घरातली ही आपली तिसरी स्कूटर आहे. पहिल्या दोन गिअरच्या होत्या, कदाचित आपले प्रतिनिधी त्यांच्याविषयी बोलत असावेत. या स्कूटरला गिअरचा दांडा नाही, हे पुन्हा नोंदवते. सील तपासल्याशिवाय तिसरा बेल्ट बसवण्यासाठी मला फोन करू नये.

एक ग्राहक,
पुणे