बॉम जीझसच्या भिंतींना चुन्याचा गिलावा द्या

महोदय,

कुडाळ परिसरात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, घरं बांधण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे जुन्या गोव्यात गेलो की बॉम जीझस बॅसिलिकेच्या आत शिरण्याआधी मी भिंती बघतो. हे चर्च १५९४ साली बांधायला घेतलं आणि १६०५ साली त्याचं अर्पण झालं. दर्शनी बाजू कितीही वेळ पाहिली तरी पुरत नाही. खाली तीन दरवाजे, वर चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर गोल खिडक्या आणि माथ्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरं, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची खूण. कोरीव काम काळ्या दगडात, बाकी भिंत आपल्या जांभ्याची.

आत सोनेरी वेदीवर बाळ येशूची छोटी मूर्ती आहे आणि तिच्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती, नजर वरच्या तेजोगोलाकडे लागलेली. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट दिलेला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवलेला हा चौथरा १६९८ साली इथे बसवला गेला. पण माझा जीव अडकतो तो त्यावरच्या चांदीच्या पेटीत. ती गोव्याच्याच कारागिरांनी घडवली आहे. झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी पत्र्यावर असे उठवलेत की हातोडीचा प्रत्येक ठोका मोजून मारल्यासारखा वाटतो.

हे सगळं ज्या भिंतींच्या आधारावर उभं आहे, त्या आज उघड्या आहेत. लाल दगड हेच या चर्चचं मूळ रूप, असं बहुतेक पर्यटकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. आमच्या कोकणातही उघड्या चिऱ्याची घरं आहेत, पण त्यांना पडवी असते, छप्पर पुढे काढलेलं असतं. इथे एवढ्या उंच भिंतीवर पावसाचा मारा थेट बसतो. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. मग कडा झिजतात, सांध्यांतला चुना सुटतो आणि ओल आत उतरते.

गिलावा पुन्हा द्यावा, ही मागणी याआधीही झाली आहे. जागतिक वारसा यादीत १९८६ पासून असलेल्या या वास्तूबाबत निर्णय घाईने होऊ नये, हे मान्य. म्हणून पुरातत्त्व खात्याने पावसाच्या बाजूची थोडी भिंत निवडावी, जुन्या पद्धतीने मुरवलेल्या चुन्याचा गिलावा तिथे करावा आणि तो दोन पावसाळे पारखावा. सिमेंट मात्र अजिबात नको. त्याने आतली ओल कोंडून दगड भुसभुशीत होतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी गोव्यात आणि सिंधुदुर्गात अजून आहेत. त्यांना बोलवावं.

– एक निवृत्त बांधकाम कंत्राटदार, कुडाळ