तुझ्या भिंतीवरचा मेरीलँडचा झेंडा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

खोलीत लावलेला आपल्या मेरीलँड राज्याचा झेंडा एवढा भडक का, असं तुझ्या रूममेटने विचारलं आणि तुला नीट सांगता आलं नाही, म्हणालास. फोनवर हे घाईघाईत उरकलं असतं, म्हणून लिहिते आहे.

काळे-सोनेरी पट्टे कॅल्व्हर्ट घराण्याचे. हेच लॉर्ड बाल्टिमोर. इंग्लंडच्या राजाने १६३२ मध्ये ही वसाहत त्यांना दिली. तांबडे-पांढरे क्रूस क्रॉसलँड घराण्याचे, म्हणजे पहिल्या लॉर्ड बाल्टिमोरच्या आईकडचे. इथवर ती नुसती सरदारांची चिन्हं. खरी गोष्ट सुरू होते १८६१ मध्ये. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरीलँड युनियनमध्येच, म्हणजे उत्तरेच्या बाजूलाच राहिलं, पण इथली कितीतरी माणसं दक्षिणेकडून लढायला गेली आणि त्यांनी तांबडा-पांढरा रंग आपला मानला. काळा-सोनेरी युनियनवाल्यांकडे राहिला. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत, कल्प्स हिल या टेकडीच्या उतारावर, मेरीलँडच्याच पलटणी एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या.

युद्धानंतर दोन्ही रंगांचा एकत्र झेंडा दिसू लागला. १८८८ मध्ये तो त्याच गेटिसबर्गला नेला गेला आणि १९०४ मध्ये कायद्याने राज्याचा झाला. दक्षिणेच्या बाजूला गुलामगिरी टिकवायची होती, हे विसरून चालणार नाही. तरीही हरलेल्यांची मुलंबाळं याच गावांत राहणार होती, आणि त्यांनाही त्याच कापडात जागा मिळाली, याचं मला फार मोल वाटतं.

राज्यगीताचं मात्र वेगळं झालं. ते १८६१ मध्येच लिहिलेलं. त्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना जुलमी म्हटलंय आणि उत्तरेकडच्या लोकांना शिवी घातलीय. १९३९ मध्ये ते अधिकृत झालं आणि थेट २०२१ मध्ये विधिमंडळाने काढून टाकलं. उशीर झाला, पण बरं झालं. झेंड्यात दोघंही मावतात. त्या गाण्यात एकच बाजू होती, आणि तीही दुसऱ्याच्या रक्ताची तहानलेली.

बाकीचं तू शाळेत पाठ केलंच होतंस. राज्यपक्षी ओरिओलला बाल्टिमोरचं नाव मिळालं ते कॅल्व्हर्ट घराण्याच्या रंगांवरून. ब्लॅक-आइड सुझनची फुलंही पिवळी-काळी. चेसापीक उपसागरातला निळा खेकडा तर इथे सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा. आणि हो, झेंडा काठीवर लावलास तर टोकाला दुसरं काही बसवू नकोस. शोभेचं काही लावायचंच असेल, तर कायद्याने तिथे फक्त झेंड्यातल्यासारखा सोनेरी क्रूस चालतो.

रूममेटला आधी रंगांचं सांग. आणि थँक्सगिव्हिंगला त्याला घरी घेऊन ये. मी स्मिथ आयलंड केक मागवून ठेवते. पातळ थरांवर थर असलेला तो केक २००८ पासून आपल्या राज्याचा अधिकृत गोड पदार्थ आहे. येणार असाल तर आठवडाभर आधी कळव.

तुझी,
आई